एका परसात चार कोंबडे

५ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. रिटायर झाल्या झाल्या सुरू करणार होतो, पण सात महिने विश्रांतीत गेले. ही कुणाला दाखवायची नाही. पुढेमागे कुणी फारच आग्रह केला तर बघू.
विषय: कोंबडे.
ऑगस्टात बायकोच्या, पानिंगच्या, खुडूक कोंबडीने सहा पिल्लं काढली. त्यातले चार नर निघाले. आता सहा महिन्यांचे झालेत. आज कॉफी ओतताना पानिंग म्हणाली, एक ठेवू, बाकीचे तीन ईस्टरच्या आत सूपमध्ये जायला हवेत, नऊ कोंबड्यांना एक नर भरपूर झाला. मी म्हटलं, चारही राहतील. सुटे. एकत्र. ती म्हणाली, "मारामाऱ्या होतील." मी तिला आठवण करून दिली, की या ग्विमारास बेटावर बाराशे चाळीस पोरं मी एकतीस वर्षं एका आवारात नांदवली. हेडमास्तर होतो, वॉचमन नव्हे. ती म्हणाली, "त्यांना चार वाजता घरी जाता येत होतं."
हा मुद्दाच नाही.

६ फेब्रुवारी
नावं ठेवली. प्रुदेन्सियो, हुस्तो, क्लेमेन्ते, पासिफिको. म्हणजे विवेक, न्याय, दया आणि शांती. नावाचा परिणाम होतो यावर माझा विश्वास आहे.
पासिफिको सगळ्यांत थोराड. लाल अंग, काळी शेपटी. हुस्तो करडा. क्लेमेन्ते पांढरट, जरा मठ्ठ. प्रुदेन्सियो लहानखुरा, चालताना सतत मागे बघतो. विचारी दिसतो.
पानिंग नावं घेत नाही. चौघांनाही 'तुझा' म्हणते. "तुझ्याने भाताच्या टोपात पाय घातला." कोणत्या, विचारलं तर म्हणते, पाय बघ जाऊन.

७ फेब्रुवारी
शेजारचे मानोंग मेलेस्यो कुंपणाशी आले. (इकडे वडीलधाऱ्या पुरुषाला मानोंग म्हणतात, बाईला मानांग.) पानिंगचे थोरले भाऊ. रविवारच्या झुंजीसाठी चौदा कोंबडे पाळलेत. प्रत्येकाच्या पायाला दोरी, प्रत्येकाला स्वतंत्र पत्र्याची झोपडी. कोंबड्यांचा तुरुंग. माझे चारही मोकळे फिरताना त्यांनी बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "सर, दोरी देऊ का?" (गावात सगळे मला सरच म्हणतात. तेही.) मी म्हटलं, मानोंग, बांधून ठेवणं म्हणजे सलोखा नव्हे. ते "बरं" म्हणाले आणि गेले.
पटलेलं दिसलं.

१२ फेब्रुवारी
मोठी बातमी. गावची कॅप्टन रेमिया घरी आली. माझीच विद्यार्थिनी, शेवटच्या बाकावरची; आता निवडून येऊन गाव चालवते. मला गावच्या सलोखा समितीवर घेतलंय. शेजाऱ्यापाजाऱ्यांची, घराघरांतली भांडणं कोर्टात जायच्या आत आम्ही मिटवायची. माझा पूर्ण रुकार. आम्ही बोलत असताना तिच्या खुर्चीखालून हुस्तो पळाला, त्याच्यामागून पासिफिको. कॉफी सांडली. स्कर्ट पुसत ती म्हणाली, "सर, तुम्हाला घरीच प्रॅक्टिस होईल."
हुशार मुलगी. शाळेत असताना कळलं नव्हतं.

१५ फेब्रुवारी
रोज सकाळी ६.३० ला हजेरी सुरू. शिट्टी वाजली की चौघांनी आंब्याखाली जमायचं. पहिला दिवस. कुणी आलं नाही. शिट्टीला शेजारचे चौदा मात्र एकदम आरवले. मानोंगनी कुंपणावरून विचारलं, "सर, आग लागली?"

१६ फेब्रुवारी
शिट्टी आणि मका. चारही आले. नऊ कोंबड्या आल्या. दोन बदकं आली, ती कुणाची माहीत नाही.
शिस्त लागली.

१८ फेब्रुवारी
पानिंगचं म्हणणं, चार कोपऱ्यांत चार ताटल्या ठेव, म्हणजे प्रत्येकाला निवांत खाता येईल. मी एकच ताट ठेवलं. एका ताटात जेवल्याने आपलेपणा वाढतो. निरीक्षण: पासिफिको जेवला. बाकीचे तिघे सहा फुटांवर उभे राहिले. तिघांमध्येही संयम उत्तम.

२१ फेब्रुवारी
पासिफिकोला मॉनिटर केलं. दंगेखोर मुलाला जबाबदारी दिली की तो सुधारतो, हा माझा एकतीस वर्षांचा अनुभव. पानिंग अंडी पुसत होती. म्हणाली, "शाळेत तू ज्याला मॉनिटर केलंस तो जेलमध्ये आहे." एकच आहे. आणि तोही आता सुटणार आहे म्हणतात.

२२ फेब्रुवारी
मॉनिटरने क्लेमेन्तेला पाण्याच्या पिंपात ढकललं. वाढीव उत्साह.

२४ फेब्रुवारी
वेळापत्रक केलं. मुळात प्रश्न माद्यांजवळ जाण्याचा आहे, हे माझ्या लक्षात आलं. (मानोंग म्हणतात त्यांना ते आधीपासून माहीत होतं. मग सांगायचं होतं. ते म्हणतात सांगितलं होतं.) दर दिवशी एक नर मोकळा, तिघे डालग्यांखाली. आळीपाळीने. कार्डबोर्डवर रंगीत खडूने लिहून खुराड्यावर लावलं.
क्लेमेन्ते डालग्याखाली झोपला. हुस्तोने माती उकरून बोगदा केला. पासिफिको डालगं अंगावर घेऊनच चालत निघाला. लांबून पाहणाऱ्याला डालगंच कोंबड्यांच्या मागे लागलंय असं वाटत होतं.
दुपारी वेळापत्रक कुणीतरी खाल्लं.

२६ फेब्रुवारी
नवी पद्धत: आत्मपरीक्षण. न्हाणीघरातला आरसा काढून आंब्याच्या बुंध्याला टेकवला. भांडखोर प्राण्याला स्वतःचं रूप दिसलं की तो वरमतो, असं मला वाटतं. पासिफिको आला. बघितलं. मान खाली घातली. मी पानिंगला हाक मारली, ये, बघ. ती येईपर्यंत त्याने आरशावर अकरा वेळा झेप घेतली होती. आरशाचे तीन तुकडे झाले. मग त्याला तीन शत्रू दिसले. तिघांनाही हरवलं.
आत्मविश्वास वाढला हे नाकारता येणार नाही.
दाढी आता खिडकीच्या काचेत करतो.

५ मार्च
पानिंगने आज मला एक एक कोंबडी उचलून दाखवली. पाठीवरची पिसं गेलीत. दोघींची मानही उघडी पडलीय. मी म्हटलं, पिसं झडायचा मोसम असेल. ती म्हणाली, "मोसम नाही. चौघे आहेत." मग म्हणाली, बिचाऱ्या दिवसभर खाली उतरत नाहीत, जळणाच्या ढिगावर बसून राहतात. मलाही त्या ढिगावर दिसतात. मला वाटलं होतं, वारा घेतात.

८ मार्च
पानिंगने कोंबड्यांसाठी पाठीवरची पांघरुणं शिवली. पिसं परत येईपर्यंत कातडीला संरक्षण. कल्पना चांगली. कापड कुठून आणलं असं विचारलं. माझ्या निरोपसमारंभाचा फलक. शाळेच्या फाटकावर आठ दिवस लागला होता तो, माझ्या मोठ्या फोटोचा. मी तो गुंडाळून कपाटावर ठेवला होता. ती म्हणाली, पावसात भिजत नाही, फाटत नाही, आणि नऊ जणींना बरोबर पुरला.
आता एकीच्या पाठीवर माझा कान आहे. एकीच्या पाठीवर 'एकतीस वर्षांच्या'. बुरिक म्हणून तिची लाडकी ठिपक्यांची कोंबडी आहे, तिच्यावर माझे डोळे आणि अर्धं नाक.
दुपारी कोंबड्या गावात गेल्या. बरेच जण मला भेटायला आले.

१३ मार्च
पानिंगची अंडी शाळेच्या कँटीनला जातात. आज टोपलीत दोनच होती. तिने टोपली माझ्यासमोर ठेवली. मी म्हटलं, उन्हाळ्यात कमीच होतात. ती म्हणाली, "ठीक आहे, सर."
ती मला 'सर' क्वचितच म्हणते.

१७ मार्च
प्रुदेन्सियो दोन दिवस न्हाणीघराच्या छपरावर राहतोय. त्याला एकांत आवडतो. त्याचं जेवण शिडीवरून पोचवतो. हुस्तोचा तुरा एका बाजूने फाटलाय. पण दुसरी बाजू चांगली आहे.
आरोग्यकेंद्रातली ताई म्हणाली, सर, एवढे कोंबडे कशाला ठेवलेत? तिला समजावून सांगितलं. अर्ध्यावर तिला कुणीतरी बोलावलं. मला कुणी बोलावल्याचं ऐकू आलं नाही.

२४ मार्च, दुपारी
वाईट झालं.
सकाळच्या हजेरीला पासिफिको आणि हुस्तो दोघेही एकाच वेळी बुरिकवर गेले. मधे क्लेमेन्तेही घुसला. क्लेमेन्ते! मी शिट्टी वाजवली. बऱ्याच वेळा वाजवली. पानिंग स्वयंपाकघरातून धावत आली, हातातला झारा तसाच. पायाने तिघांना बाजूला केलं. बुरिकच्या कुशीत बोटभर लांब चीर पडली होती. पायामागचा काटा लागला असणार. कोणाचा ते सांगता येत नाही.
पानिंगने ओट्यावर फडकं अंथरून तिला निजवलं. मीठपाण्याने धुतलं, सुईदोऱ्याने टाके घातले. सात. मला म्हणाली, मान धर. मी धरली. कोंबडीचं काळीज एवढं जोरात चालतं हे मला माहीत नव्हतं. हाताला लागत होतं.
टाके झाल्यावर मी म्हटलं, उद्यापासून हजेरी दोन गटांत घेतो.
तिने दोरा दातांनी तोडला. मग नऊही जणी टोपल्यांत भरल्या, एक एक करून कुंपणापलीकडे मानोंगच्या घरी नेल्या. शेवटच्या फेरीला आपली उशी घेतली. मी म्हटलं, उशी कशाला? म्हणाली, "मला पण थोडी विश्रांती दे."

२५ मार्च
पानिंग काही दिवस भावाकडे आहे. कोंबड्यांच्या सोयीसाठी.
भात मी केला. खालचा थर सोडला तर चांगला झाला.

२९ मार्च, सकाळी ७
आज चौघांनी एका ताटात खाल्लं!
पुन्हा लिहितो. पासिफिको, हुस्तो, क्लेमेन्ते आणि प्रुदेन्सियो (छपरावरून स्वतः उतरला) खांद्याला खांदा लावून, एका ताटात. दोन दिवस एकही मारामारी नाही. दुपारी चौघेही एकाच सावलीत धूळ अंगावर घेत पडले होते. पासिफिकोने पंख प्रुदेन्सियोवर टाकला होता.
सात आठवड्यांची मेहनत. शिट्टी, सहभोजन, आत्मपरीक्षण. एकेकाचा परिणाम हळूहळू होत असतो.
पानिंगला सांगायला कुंपणाशी गेलो. ती कपडे वाळत घालत होती. ऐकून घेतलं. म्हणाली, "कोंबड्या इकडे आल्या म्हणून."
योगायोग तिला फार महत्त्वाचे वाटतात.

४ एप्रिल
शांतता कायम. चौघे माझ्यामागे ओळीने फिरतात. मी ओसरीत बसलो की पायरीवर चौघे. सार्डिनचा डबा उघडला की आठ डोळे. भात करपला. आता टोपच बदलायला हवा. हा तिसरा.

९ एप्रिल, ईस्टर
चर्चमध्ये मिस्साला गेलो. पानिंग मानोंगच्या कुटुंबासोबत पुढच्या बाकावर होती. निळा ड्रेस. मी तिला हातवारे करून सांगितलं, चौघे मजेत आहेत. तिने मान हलवली. बाहेर आल्यावर मानोंगनी जेवायला बोलावलं. मी म्हटलं, घरी वाट बघत असतील.
चालत येताना वाटलं, जायला हरकत नव्हती.

१२ एप्रिल
कॅप्टनच्या ऑफिसातून चिठ्ठी! उद्या नऊला सलोखा समितीसमोर तक्रार आहे, हजर राहावे. दोन महिन्यांनी अखेर पहिली केस. पांढरा शर्ट इस्त्री केला. सहिष्णुतेवर पंधरा मिनिटांचं बोलणं तयार केलं. चौघांसमोर म्हणून पाहिलं. लक्षपूर्वक ऐकलं.

१३ एप्रिल
नऊला पाच कमी असतानाच जाऊन मधल्या खुर्चीत बसलो. रेमिया आली. म्हणाली, "सर, तुम्ही या बाजूला." मी म्हटलं, मला इथून दोन्ही पक्ष नीट दिसतील. तिने कागद पुढे केला.
तक्रारदार: पानिंग. विरुद्ध: मी. माझ्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं. ते मी ताबडतोब दुरुस्त करायला लावलं. म्हणजे पहिला मुद्दा माझ्या बाजूने गेला.
पानिंग दोन वाक्यं बोलली. तिला नऊ कोंबड्या जिवंत हव्यात आणि परसात एक नर. कोणता, ते यांनी ठरवावं. मग मी बोललो. चाळीस मिनिटं. मधे कुणीतरी पंखा बंद केला, तरी मी थांबलो नाही. २९ मार्चपासूनच्या शांततेची सविस्तर माहिती दिली. रेमियाने विचारलं, "सर, घर सोडून किती दिवस झाले?" मी म्हटलं, कोंबड्यांना वीस दिवस झाले. ती म्हणाली, "कोंबड्यांना नाही, सर. मानांग पानिंगला." मी म्हटलं, ती त्यांच्याबरोबरच आहे.
पानिंग खिडकीबाहेर बघत होती.
निकाल: पंधरा दिवसांत मी एक नर निवडायचा. निर्णयाचा अधिकार संपूर्णपणे माझ्याकडे राहिला. शिवाय मी प्रात्यक्षिक दाखवण्याची परवानगी मागितली. रेमिया म्हणाली, "दाखवा, सर. पण पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस."
एकूण विजय.

१९ एप्रिल, सकाळी ५.३०
आज प्रात्यक्षिक. सात जण येणार. पावासोबत कॉफी ठेवलीय. चौघांना पुसून घेतलं.

१९ एप्रिल, दुपारी
सात नाही, अठरा आले. रेमिया, आरोग्यकेंद्रातली ताई, बाकीचे असेच. मानोंग कुंपणापलीकडे हाताची घडी घालून. पानिंगही आली, पण फाटकातच उभी राहिली.
शिट्टी वाजवली. चौघे ओळीने आले. एका ताटात खाऊ लागले. कुणीतरी टाळी वाजवली. मी म्हटलं, बंधूंनो, इथे दोरी नाही, काठी नाही, फक्त परस्परांविषयी आदर—
इथे बुरिक आली.
जखम भरली होती. कुंपणाखालच्या फटीतून अंग काढून, पाठीवर माझे डोळे घेऊन, ती आपल्या घरी आली. ताटाकडे बघून एकदा 'कुक' म्हणाली.
पुढचं फार पटकन झालं. ताट उडालं ते आरोग्यकेंद्रातल्या ताईच्या मांडीवर. क्लेमेन्तेने हुस्तोची मान धरली. पासिफिको दोघांवरून उडून गेला. प्रुदेन्सियो, ज्याच्याबद्दल मी कधी एक शब्द वाईट लिहिला नाही, तो सगळ्यांत आधी बुरिकवर होता. मी शिट्टी शोधत होतो, ती गळ्यातच होती. अठरा जण बाकांवर चढले.
पानिंग फाटकातून सरळ चालत आली. वाटेत ओलं पोतं उचललं, ते दोघांवर टाकलं, बुरिकला काखेत घेतलं आणि तशीच निघून गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. काहीतरी म्हणायला हरकत नव्हती.
पाव उरले.

२२ एप्रिल
गुणपत्रिका केली. वर्तन, आरोग्य, आवाज, निष्ठा. चौघांनाही शंभरपैकी ब्याऐंशी पडले. पुन्हा तपासली. ब्याऐंशीच.

२७ एप्रिल
उद्या मुदत संपते. निर्णय सांगायला मानोंगच्या घरी गेलो. निर्णय असा होता की मुदत वाढवून घ्यावी.
पानिंग अंगणात आंबे वेगळे करत बसली होती, बोटीने जायचे एका बाजूला, डागी एका बाजूला. मला बसायला पाट दिला. मी म्हटलं, तूच निवड. ती म्हणाली, नाही. चौतीस वर्षं घरातलं सगळं मीच निवडत आले, काय शिजवायचं ते तुझ्या शर्टाच्या रंगापर्यंत. हे तू निवडायचंस. मी म्हटलं, अगं, मला त्यांच्यात फरकच करता येत नाही. मी हाक मारली की चौघेही धावत येतात. दुसरं कोण येतं?
हे मला म्हणायचं नव्हतं. निघून गेलं तोंडातून.
तिने हातातला आंबा खाली ठेवला. म्हणाली, "आठवतं, जुलैत तू रोज सकाळी कपडे घालून फाटकापर्यंत जायचास? शाळेची घंटा होईपर्यंत उभा राहायचास. म्हणून मी कोंबडीखालची ती सहा अंडी तुला दिली. म्हटलं, यांच्याकडे लक्ष ठेव."
असं काही मला आठवत नाही. एखाद्या सोमवारी गेलो असेन.
तिने डागी आंबा कापला. आम्ही दोघांनी खाल्ला. कोय मला दिली. ती म्हणाली, "तिघांना सूपमध्ये घालणार नाही. मानोंग घरं शोधतील." आणि मग, "पण एकच."

२८ एप्रिल
सकाळी मानोंग मोटरसायकलला तीन टोपल्या बांधून आले. विचारलं, कोणते तीन? मी म्हटलं, माझा विचार चालू आहे. ते म्हणाले, "सर, जे हाताला लागतील ते."
प्रुदेन्सियो स्वतःच टोपलीत जाऊन बसला. क्लेमेन्तेला उचलला तेव्हा तो अर्धवट झोपेत होता. हुस्तोने थोडी धावपळ केली. पासिफिको छपरावर गेला, तिथून आंब्यावर. दोन तास आम्ही खाली उभे होतो.
पूर्ण विचारान्ती मी पासिफिकोची निवड केली.
प्रुदेन्सियो फादरच्या बंगल्यावर जातोय. तिथे कोंबड्या भरपूर. हुस्तो टेकडीवरच्या मावसभावाकडे. क्लेमेन्ते बोटीच्या धक्क्यावर, कॉफी विकणाऱ्या बाईंकडे. मानोंगनी हे सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं. मी न विचारताच त्यांनी सांगितलं, "कुणी कापणार नाही. मी सांगितलंय." झुंजीचे कोंबडे पाळणारा माणूस! मी त्यांना क्लेमेन्तेबद्दल सूचना दिल्या: मका भिजवून, पाणी सावलीत, आणि तो जरा उशिरा उठतो. त्यांनी सगळं ऐकलं. गाडी सुरू करून बंद केली, पुन्हा ऐकलं.

३० एप्रिल
पानिंग परत आली. उशी आणि नऊ कोंबड्या. स्वयंपाकघरात गेली. चार करपलेले टोप पाहिले. बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा आत गेली. वाळू घेऊन घासत बसली. मी म्हटलं, मी घासतो. म्हणाली, "बैस, तुझ्याने नाही व्हायचं." म्हणजे पुन्हा 'सर' नाही.
जेवण: भात, सुकी मासळी, शेवग्याच्या पाल्याचं पातळ कालवण. मी तीनदा वाढून घेतलं. आरशाबद्दल तिने चकार शब्द काढला नाही.

२ मे
परसात पूर्ण शांतता. कोंबड्या ढिगावरून उतरल्या. टोपलीत चार अंडी. पासिफिको एखाद्या कॅप्टनसारखा हिंडतो, दाणा सापडला की आधी त्यांना बोलावतो. माझं शिक्षण उशिरा का होईना, अंगी लागलं.

३ मे
सकाळी मका घेऊन गेलो. पासिफिको एक पंख खाली टाकून, तिरका तिरका नाचत माझ्या भोवती फिरला. आनंद. मी पाठ वळवल्यावर डाव्या पोटरीत काटा. चुकून लागला असावा.

४ मे
समोरून गेलो. उजव्या पोटरीत. आरोग्यकेंद्रातल्या ताईने इंजेक्शन दिलं. काय लागलं विचारलं. मी म्हटलं, तार. तिने वहीत 'कोंबडा' लिहिलं.

५ मे
सात वीसला संडासात गेलो. तो परसाच्या टोकाला आहे. बाहेर पडायला दार उघडलं तर समोर पासिफिको. बंद केलं. थोड्या वेळाने उघडलं. समोरच. फटीतून शांतपणे बोललो. नावाने हाक मारली. बाळपणीच्या गोष्टी सांगितल्या. पावणेनऊला पानिंग केरसुणी घेऊन आली आणि मला घरापर्यंत सोडलं. तिला तो वाट करून देतो. नुसती वाट नाही, बाजूला होऊन उभा राहतो.
मला कळत नाही. आम्हा दोघांत तर कधीच वाद नव्हता.

७ मे
मानोंगनी कुंपणावरून पानिंगला विचारलं, आता परसात नर किती? मी ओसरीतून ऐकलं. ती म्हणाली, "अजून दोन आहेत. तो मोठा ऐकत नाही." दोघं बहीणभाऊ बराच वेळ हसत होते. हसण्यासारखं काय होतं, मला दिसलं नाही.
मग आत येऊन तिने माझी खुर्ची उचलली आणि पुढच्या दारात नेऊन ठेवली. म्हणाली, तू इथे बैस, परसात एकटा जाऊ नकोस.
पुढच्या दारात बसायचं मी स्वतःच ठरवत होतो. इथे वारा चांगला येतो, लिखाणही होईल. मागे जायचं असलं की हाक मारायची, पानिंग केरसुणी घेऊन येते, दंडाला धरून नेते, आणते. आज चार वेळा हाक मारली. त्यातल्या दोनदा खरंच जायचं होतं.